कांता निघाली त्या दिवशीचा टोल

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे, आणि मी अजून कोणाला माफ केलेले नाही.

वर्ध्याला रूळ बदलले तेव्हा मला कापून बाजूला टाकले. तिथून मी वडनेरजवळच्या एका खेड्यात आलो. शाळेपुढच्या कडुलिंबाला मला तारेने टांगले आणि एका जाड खिळ्याने माझ्यावर टोल पडू लागले. माझा आवाज पार पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांपर्यंत जाई. निंदणाऱ्या बाया म्हणत, "टोल पडला, भाकर खाऊन घ्या." मला फार अभिमान वाटे. तो दोनच वर्षे टिकला.

वासुदेव गुरुजींचा एक नियम होता. जो परीक्षेत पहिला येईल, त्याने महिनाभर टोल द्यायचा. १९७० साली चौथीत कांता पहिली आली. ती बौद्ध वस्तीतली, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बाबारावांची मुलगी. गुरुजींनी दुसऱ्या आलेल्या मुलाला बोलावले. पण कांता सरळ आली, मी हलू नये म्हणून डाव्या हाताने मला धरले आणि पहिला टोल दिला.

दुसरा तिला देता आला नाही. गुरुजींनी खिळा हिसकावला आणि तिच्या डाव्या हातावर मारला. त्या हाताखाली मी होतो. बोट मोडले, ते सगळ्यात आधी मला कळले.

संध्याकाळी बाबाराव आणि कांताची आई मीराबाई शाळेत आले. गुरुजी चार माणसांसमोर म्हणाले, "झाडावरून पडली ती. पोरगी खोटं बोलते." चौघांनी माना डोलावल्या. बोट वाकडेच बसले. गावात तिला सगळे खोटारडी कांता म्हणू लागले.

मी लोखंड आहे, मित्रांनो. गुरुजी खाली उभे राहिले की मी वाऱ्यावर जोराने झोके घेई. तार तुटावी आणि मी त्यांच्या पायावर पडावे, एवढेच मागत होतो. तार काही तुटली नाही.

सोळा वर्षांनी एका सकाळी शाळेपुढे भाड्याची मोटार थांबली. कांता उतरली. ती आता नर्स झाली होती. झांबियाच्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती. बरोबर नवरा हरिदास आणि तीन वर्षांची मुलगी. संध्याकाळी नागपूरहून मुंबईचे विमान, आणि त्याच रात्री देशाबाहेर. वस्तीत आईबापाचा निरोप घेऊन ती सरळ इथे आली होती.

गुरुजी आता हेडमास्तर होते. त्यांनी खुर्ची मांडली, चहा सांगितला, सगळी शाळा व्हरांड्यात बसवली. "मुलांनो, ही आपल्याच शाळेची विद्यार्थिनी."

कांताने डावा हात पुढे केला. "गुरुजी, हे बोट कोनं मोडलं, ते या पोरायले सांगा."

गुरुजी हसले. "अगं, लहानपणी पडली असशील."

"ठीक हाय. तुमाले आठवेपर्यंत मी इथंच बसते."

आणि ती माझ्याखाली जमिनीवर बसली. गुरुजी आत निघून गेले. ऊन चढले. गावातली माणसे जमू लागली. त्या दिवशी माना डोलावणाऱ्यांपैकी दोघे त्यांत होते.

"कांता," हरिदास हळूच म्हणाला, "एक वाजून राह्यला. दोनच्या आत निघालो नाई तर विमान चुकते."

"चुकू द्या."

"अन् नोकरी?"

"माझी माय सोळा वर्सं खोटारडीची माय म्हनून जगली. तिले तसंच सोडून मी कशी जाऊ?"

हरिदासही मुलीला मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसला.

जमलेल्यांपैकी कोणी घरी जाईना. दोनला दहा मिनिटे कमी असताना गुरुजी बाहेर आले. कोणाकडे न बघता म्हणाले, "बोट मी मोडलं."

"कायनं?"

"खिळ्यानं."

"मंग खोटं कोन बोललं?"

"मी," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी हात जोडले. "माफ कर, पोरी."

"माफ कराले नाई आली मी," कांता म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली.

विमान मिळाले, हे पुढे मीराबाईंच्या तोंडून कळले. त्या आता मान वर करून शाळेवरून जाऊ लागल्या.

खरे सांगतो, मला तेवढे पुरले नाही. मला रक्त हवे होते. पण दुसऱ्या दिवशी गुरुजींनी छडी उगारली, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने हात पुढे केला नाही. तिने नुसते विचारले, "गुरुजी, कोणतं बोट?" छडी न मारताच खाली आली. त्या वर्षी गुरुजींनी बदली मागून घेतली, आणि ते गेले त्या दिवशीच्या टोलाला मी पोटभर वाजलो.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला आहे. मला रंग देऊ नका, तेल लावू नका. मी असाच झिजेन. तुमच्या शेजारी बसणाऱ्या पोरीचे हात तेवढे जपा.