टपावरचा कॉम्प्युटर

"खोका टपावर टाक, नायतर उतर खाली," बाळ्या ड्रायव्हर माझ्यावर खेकसला.

"खोका नाय, कॉम्प्युटर हाय तो."

"आसंल. त्याला काय ताप आलाय?"

सगळी जीप फिदीफिदी हसली. मोखाड्याच्या नाक्यावर आम्ही थांबलो होतो. बाहेर ठकी नावाची बाई पोर कडेवर घेऊन उभी होती. पोराला हगवण लागलेली, डॉक्टरने लगेच जव्हारला न्या म्हणून सांगितलेलं. जीपमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. उठवायचं कुणाला, तर मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन घेऊन बसलेल्या मला, देवरामला!

आमची संस्था खोडाळ्याकडच्या पाड्यांवर कुपोषित पोरांचं काम करायची. मुंबईच्या एका कंपनीने आपले जुनेपुराणे कॉम्प्युटर आमच्या गळ्यात मारले आणि वर फोटोही काढून घेतले. दुरुस्तीचा करार संस्थेला परवडेना. मग मीच एकाचं काढून दुसऱ्यात घालत गाडा रेटला. दोन हजार तीनच्या भादव्यात हे एकच धड उरलं होतं. सगळ्या पोरांची वजनं ह्यात. फ्लॉप्यांवर उतरवून ठेवली होती, तर त्यांना पावसाळ्यात बुरशी लागली.

आज पैसे देणारे पाहुणे जव्हारच्या ऑफिसात येणार होते. मशीन नीट चालताना दिसलं, की नवी मशीनं मिळणार आणि त्यांच्यावर मी कायमचा कामाला लागणार. संस्थेच्या हेमंतसरांनी दम भरला होता, "देवराम, हादरा बसला तर डिस्क गेली. डिस्क गेली तर तूही गेलास."

"मागल्या जीपनं ये की," मी ठकीला म्हणालो.

"मागली जीप तुजा बा आणतो का?" ती कडाडली. "पोर बघ माजं. रडाय पन नाय लागलं."

बघितलं. डोळे उघडे, मान लुळी.

मागून एक म्हातारा बोललाच, "संस्थावाले! पोरांच्या नावावर खातात, आन् पोराला जागा देत नाय."

असा संताप आला म्हणून सांगू! त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी उतरलो आणि मशीन घेऊन टपावर चढलो. भाताच्या पोत्यांत पाय रोवून ते पोटाशी कवटाळलं. "हळू हाक रं!" ओरडून घसा बसला. बाळ्या ऐकतोय कसला! एका खड्ड्यात जीप अशी आदळली, की मशीन माझ्या हातातून सुटून टपाच्या लोखंडी कठड्यावर आपटलं.

जव्हारला ठकी दवाखान्यापाशी उतरली. मागे वळूनसुद्धा न बघता आत पळाली.

ऑफिसात मशीन जोडलं. पंखा फिरला, आत कटकट झाली, पडदा काळाच. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, घड्याळं बघितली आणि गाडीत बसले.

"टपावर?" गाडी वळल्याबरोबर हेमंतसर उसळले. "कुणी सांगितलं होतं?"

मी सगळं सांगितलं.

"तिला दुसरी जीप मिळाली नसती? एका पोरापायी सगळ्या पोरांची वजनं घालवलीस."

"वजनं परत घेता येतात, सर."

"मग दुसरा कुणीतरी घेईल. उद्यापासून येऊ नकोस."

मी बाहेर पडलो. परतीची जीप दवाखान्याच्या फाटकावरून सुटायची. तिथे पोचल्यावर राहवेना, आत गेलो.

वॉर्डात ठकीचं पोर सलाइन लावलेला हात ओढत गळा काढून बोंबलत होतं. नर्स दोघांवरही डाफरत होती. ठकीने मला बघितलं मात्र, तिचा पारा चढला.

"आला बघ खोकेवाला! तुज्यापाय जीप किती खोळंबली. लाज नाय वाटली?"

मी पोराकडे बघत राहिलो.

"काय बघतो? जा की तुज्या खोक्याकडं!"

पोराने आणखी जोरात भोकाड पसरलं. बाहेर बाळ्या हॉर्न वाजवत होता. मी पोराचं रडणं ऐकत उभा राहिलो.