कॉफीवाल्याचं प्रकरण

मी एक कादंबरी बोलतेय, आणि रागानं बोलतेय. तेव्हा माझ्याकडून गोड आवाजाची अपेक्षा ठेवू नका. कुणी उघडलं तरच बोलायचं, मिटलं की गप्प बसायचं, असं आम्हा पुस्तकांचं वळण. ते मी निमूट पाळलं. पण माझ्या अंगावर ब्लेड चाललं, त्या दिवसापासून ते वळण मी सोडलं.

माझा जन्म ट्यूनिसच्या एका लहानशा छापखान्यात झाला. कागद जाडसर, शाई जरा पसरणारी, मुखपृष्ठावर निळं दार. मला लिहिणारी बाई इतिहासाची शिक्षिका होती. शाळा सुटली की म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसायची आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य या शहरात होतं त्या हिवाळ्याबद्दल विचारायची. लोक आधी म्हणायचे, "सोड गं पोरी, कशाला उकरतेस?" मग चहा व्हायचा, आणि मग तेच बोलायला लागायचे. ज्यूंच्या घरांतून आधी रेडिओ नेले, मग घोंगड्या नेल्या, मग तरुण मुलगे नेले. विमानतळांवर खणायला. वरून बाँब पडायचे, तेव्हा पहारेकरी खंदकात शिरायचे आणि ही मुलं उघड्यावर फावडी धरून उभी राहायची.

त्या बोलण्यातून मी झाले. माझ्यात एका ज्यू शिंप्याचं कुटुंब आहे. त्याच्या थोरल्या मुलाला पकडायला शिपाई येतात, तेव्हा तो गच्च्यांवरून उड्या मारत शेजारच्या कॉफी भाजणाऱ्याच्या घरात शिरतो. कॉफीवाला त्याला जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत लपवतो. पण गल्लीत दवंडी फिरते, लपवणाऱ्याला गोळी घालू. तेव्हा एका पहाटे तोच कॉफीवाला दार उघडून त्याला बाहेर काढतो. कोपऱ्यावर गस्त उभीच असते.

हे एक प्रकरण. माझ्या मधोमध. काळजाच्या जागी.

ट्यूनिसला लागून असलेल्या ला गुलेत गावात, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, झुहेरचं पुस्तकांचं दुकान आहे. तिथं वाचकांची एक मंडळी जमायची. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि मग त्यावर भांडायचं. त्या महिन्यात माझी पाळी आली. झुहेरनं प्रती मागवल्या, आणि मी बेहिजाच्या पिशवीत पडले.

बेहिजा निवृत्त परिचारिका. मोठ्या मनाची बाई, हे मी रागातही मान्य करते. तिच्या दाराला लागून कमूना झेराहचं दार. कमूनानं मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. आईवडील इथल्या मातीत गेले, बहिणी पॅरिसला गेल्या, ही राहिली. गल्लीतली एकुलती ज्यू बाई. ती आजारी पडली की सूप बेहिजाच्या घरून यायचं. बेहिजाच्या मुलांची गणितं कमूनाच्या ओट्यावर सुटायची. मंडळी पूर्वी शनिवारी जमायची. "शनिवार कमूनाच्या धर्मात विसाव्याचा, ती घराबाहेर पडत नाही, रविवार करा," असं सांगून बेहिजानं सगळ्यांना वार बदलायला लावला होता.

अशा बाईनं मला कापलं.

ती स्वयंपाकघरात बदाम सोलता सोलता मला वाचायची. कॉफीवाल्याच्या प्रकरणाशी आली आणि तिचे हात थांबले. तिनं ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग शिवण उसवायचं ब्लेड आणलं, मला टेबलावर उताणं पाडलं आणि पानामागून पान सफाईनं कापलं. इतक्या बेतानं, की वरवर पाहणाऱ्याला कळू नये. दुखलं का, असं विचारू नका. दुखण्यापेक्षा अपमान मोठा होता.

मग ती मला घेऊन शेजारी गेली. "कमूना, तू विकत नको घेऊस. माझीच प्रत वाच," म्हणाली.

"अगं, झुहेरकडे आहेत की."

"आहेत, पण पैसे कशाला घालवतेस? माझं वाचून झालंय. घे म्हणते ना!"

कमूनानं मला घेतलं. तिच्या वाचण्यात घाई होती, जणू कुणाला तरी शोधत होती. मधोमध आली आणि पुढचं वाक्य मागच्याला जुळेना. तिनं चष्मा पुसला. पानांचे आकडे पाहिले. मग माझ्या शिवणीतून बोट फिरवलं. कापलेल्या पानांच्या कडा तिथं उभ्या होत्या, नुकत्या कापलेल्या केसांसारख्या. बराच वेळ तिचं बोट तिथंच होतं. ती रडली नाही, कुणाला हाकही मारली नाही. उरलेली सगळी पानं शेवटपर्यंत वाचून काढली आणि रविवारची वाट पाहत बसली.

रविवारी दुकानात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मध्ये स्टुलावर गरम बंबालूनी, म्हणजे पिठाची तळलेली कडी, साखरेत घोळलेली.

पहिला बोलला नेजीब वकील. हा प्रत्येक पुस्तकावर पहिला बोलतो. "लिहिलंय छान, वादच नाही. पण बाईनं जरा वाढवून सांगितलंय. अहो, आपल्याकडे असं झालं तरी काय? जर्मन सहा महिने होते आणि गेले. युरोपात झालं ते भयंकर. इथं आपण सगळे भावासारखे राहत होतो."

"वकीलसाहेब, तुम्ही होता का तेव्हा?" झुहेरनं विचारलं.

"माझे वडील होते."

"ते काय सांगायचे?"

"ते त्यावर बोलायचे नाहीत," नेजीब म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं बंबालूनी उचलली.

औषधांच्या दुकानातली सलवा म्हणाली, "मी तर रडले हो. खरंच रडले. नवरा विचारायला लागला, माहेरी काही झालं का? इतकं सुंदर दुःख लिहिलंय... घ्या ना, गार होताहेत."

सुंदर दुःख! ऐकलंत? जळणाऱ्या घराच्या उजेडाचं कौतुक करावं तसं माणसं माझं कौतुक करतात. डोळे पुसतात, साखरेची बोटं चाटतात आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक कोणतं म्हणून विचारतात. मी तुम्हाला रडवायला जन्मले नव्हते. मला तुमची झोप हवी होती.

सलवा पुढं म्हणाली, "पण मला खरा राग आला तो त्या कॉफीवाल्याचा. लपवायचं तर शेवटपर्यंत लपवा ना! पोराला पहाटे दाराबाहेर काढलं, हात थरथरला नसेल?"

कमूना सलवाच्या समोर होती. मला मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, "कोणता कॉफीवाला?"

सगळे हसले. "काय मावशी, इतकं मोठं प्रकरण विसरलात?"

"विसरले नाही. माझ्या पुस्तकात कॉफीवाला नाही."

झुहेरनं तिच्या हातातून मला घेतलं, उघडलं आणि उजेडात धरलं. "हे तर कापलंय," तो म्हणाला. "हे कुणी केलं?"

सगळ्यांनी नेजीबकडे पाहिलं, कारण सोपं ते होतं. नेजीब चिडला. "माझ्याकडे काय बघता? मी वाद घालतो, पुस्तकं कापत नाही!"

"मी कापलं," बेहिजा म्हणाली.

झुहेरनं मला मिटलं.

"कमूना, तुझ्यासाठी केलं गं. तुझ्या फ्राजीसारखंच होतं सगळं. तुला सोसलं नसतं."

फ्राजी हा कमूनाचा थोरला भाऊ. त्याला बिझर्तच्या विमानतळावर खणायला नेलं होतं. तिथल्या बाँबहल्ल्यात तो गेला, आणि पुरायलाही परत आला नाही. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो पकडला कसा गेला, हे मात्र कुणी बोलत नसे.

"माझ्यासाठी?" कमूना म्हणाली. तिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा होता, तो आता रस्त्यापर्यंत गेला. "माझ्या भावाला माझ्यापासून लपवतेस, आणि वर म्हणतेस माझ्यासाठी? बेहिजा, ही गोष्ट त्या बाईला सांगितली कुणी, माहितीय? मी सांगितली! माझ्या ओट्यावर बसून. हे एक प्रकरण छापलं जावं म्हणून मी तिला तीन हिवाळे चहा पाजला."

बेहिजाच्या तोंडचं पाणी पळालं. "तुला... माहीत होतं?"

"मी गच्चीवर होते. अकरा वर्षांची. तुमचं दार तिथून स्वच्छ दिसायचं. तुझ्या बापानं कडी काढली ते मी पाहिलं. तू तेव्हा तान्ही होतीस, तुझ्या रडण्याचा आवाजही आठवतो मला."

"आई मरताना बोलली मला," बेहिजा म्हणाली. "तोवर मला काही ठाऊक नव्हतं. मग तुला कोणत्या तोंडानं सांगणार होते? तू माझ्या घरचं जेवलीस, कमूना. जन्मभर जेवलीस. एकदा तरी म्हणायचंस!"

"मी म्हणायचं? मी? घास घेताना दर वेळी वाटायचं, आज बोलेल. तुझी आई गेली तेव्हा वाटलं, आता बोलेल. तू बोलली नाहीस. सूप आणलंस!"

आता बेहिजाही उसळली. "काय करायला हवं होतं त्यानं? तीन लेकरं होती घरात! आम्ही सगळ्यांनी गोळी खाल्ली असती तर बरं झालं असतं का?"

"नाही," कमूना म्हणाली. "घाबरला बिचारा. कोण घाबरलं नसतं? त्याच्यावरचा राग मी कधीच वापरून संपवला. हा राग त्याचा नाही. हा तुझा आहे. तुझ्या छातीवर कुणी बंदूक लावली होती, म्हणून तू ब्लेड हातात घेतलंस?"

नेजीब मध्ये पडला. "जाऊ द्या आता. झालं गेलं. तुम्ही दोघी बहिणींसारख्या..."

"वकीलसाहेब, तुम्ही गप्प बसा. तुमच्या वडिलांसारखे."

नेजीबनं खुर्ची मागे सरकवली.

कमूनानं झुहेरची प्रत मागितली. माझ्यासारखीच, पण धड. तिनं ते प्रकरण काढलं आणि बेहिजाच्या पुढ्यात धरलं. "वाच. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"माझ्यानं नाही होणार."

"कापणं झालं ना? मग वाच."

बेहिजा वाचायला लागली. गच्ची, उड्या, कोळशाची खोली. मुलाला चोरून दिलेली भाकरी. दवंडी. तिचा आवाज फाटत होता, तरी कमूना तिला थांबू देत नव्हती. बेहिजा पहाटेपर्यंत आली. "'जा बाळा,' कॉफीवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. 'मला माफ कर. माझीही लेकरं आहेत.'"

"थांब," कमूना म्हणाली. "असं तो बोलला नव्हता."

बेहिजानं वर पाहिलं.

"एक शब्द बोलला नव्हता. कडी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फ्राजी त्याच्या पाठीकडे बघत बाहेर गेला. मी त्या बाईला असंच सांगितलं होतं. तिला फार कठोर वाटलं असेल. माफी तिनं घातली." तिनं गोल बसलेल्या मंडळींवरून नजर फिरवली. "तुम्हाला सगळ्यांना कुणीतरी माफी मागितलेली हवी असते. मागायची मात्र कुणालाच नसते."

शरमेनं माझी उरलेली पानं आक्रसली. ब्लेड लागलं म्हणून मी थयथयाट करत होते, आणि त्या आधीच, जन्मतानाच, माझ्या पोटात एक गोड खोटं शिवलेलं होतं. मला कापणारी बाई आणि मला लिहिणारी बाई, दोघींनी दयाच दाखवली. अशा दयेला आग लावून टाकावी!

बेहिजानं उरलेलं वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मी मागते, कमूना. त्याच्या वतीनं नाही. माझ्या वतीनं."

कमूना उठली. "ऐकलं मी," एवढंच म्हणाली आणि चालती झाली.

पुढच्या रविवारी बेहिजानं माझी कापलेली पानं आणली. तिनं ती फेकली नव्हती, कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. झुहेर डिंक घेऊन बसला. कमूनानं त्याचा हात धरला. "चिकटवू नकोस. कापलेली दिसू देत." मग पेन्सिल घेतली, माफीच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि सगळी पानं सुटीच माझ्यात ठेवली.

दोघींची दारं अजून शेजारीच आहेत. सूप येतं की नाही, मला ठाऊक नाही. मंडळीत दोघी येतात, पण कमूना खिडकीशी बसते आणि बेहिजा दाराशी. लोक विचारतात, मिटलं का हो? मिटायची एवढी घाई का असते तुम्हाला, हे मला कळत नाही.

मी आता झुहेरच्या दुकानात, वाचायला न्यायच्या पुस्तकांत असते. माझी पाठ ढिली झाली आहे. मला उचललं की ती पानं निसटून जमिनीवर पसरतात. माणसं ओशाळतात, इकडंतिकडं बघतात, घाईघाईनं गोळा करून कुठंही कोंबतात.

तसं करू नका. खाली वाका, एकेक पान उचला आणि तिथंच, दुकानात, उभ्यानं, मोठ्यानं वाचा. रेघ मारलेल्या ओळीशी आलात की ती ओळ वाचू नका, आणि तिच्या जागी दुसरं काही घालूही नका. तिथं गप्प राहा. कॉफीवाला राहिला होता तेवढा वेळ.