बयनाबाईची मोहरी

कापसाच्या धुऱ्यावरची, बांधावरची तिळवण मागायला कोणी हैदराबादहून येतं, हेच बयनाबाईला पटलं नाही. आदिलाबादजवळच्या, जैनथकडच्या त्या गावात तिळवण म्हणजे निंदताना उपटून फेकायचं तण. आणि ही नीलिमा नावाची पोरगी ऑटोतून उतरते काय, तिळवणीची पानं कागदी पाकिटात भरते काय, आणि वर विचारते, "काकू, तुमची घरची मोहरीही थोडी मिळेल का?"

"कायले पायजे?"

नीलिमा आदिलाबादच्याच मराठी घरातली, विद्यापीठात संशोधन करणारी. तिनं समजावलं. कोबी, मुळा, मोहरी ही एका कुळातली पिकं, तिळवण त्यांची लांबची रानटी सोयरी. सगळ्यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचायची. भर उन्हात तिळवण तग धरते आणि कोबी मान टाकतो, ते कशामुळे, हे शोधायचं.

बयनाबाईनं मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकलीच. मागं बियाणं विकणारा एक माणूस असाच गोड बोलत आला होता. तिच्या नवऱ्याच्या, वामनरावांच्या, कापसात उभं राहून त्यानं फोटो काढले. पुढच्या हंगामात ते बोगस बियाण्याच्या पाकिटावर छापून आले. कापूस उगवला नाही तेव्हा गावानं बोल लावला तो वामनरावांनाच.

तिनं सासूपासून चालत आलेल्या मोहरीचं गाडगं कोठीमागं सरकवलं आणि फोडणीसाठी दुकानातून आणलेली मोहरी पुडीत बांधून दिली.

पौषात नीलिमा परत आली. "काकू, ती मोहरी तुमच्या घरची नव्हती ना?"

बयनाबाईची नजर कोठीमागं गेली. गाडग्याची गोष्ट ठाऊक होती एकट्या गयाबाईला. गयाबाई तिची जाऊ. वाटणीपासून दोघींची बोलचाल बंद.

"तुले गयानं सांगतलं न?"

"कोणीच नाही. बी पेरलं, पानातली जनुकं वाचली. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या जातीशी ती जुळली."

धीर येण्याऐवजी बयनाबाई आणखीच धास्तावली. पानावरून घर ओळखणाऱ्यांपासून काय लपणार?

"मंग माही मोहरी वाचून तुमी तशीच बनवसान. आन आमालेच इकसान."

नीलिमा म्हणाली, "मी विकणार नाही. पण माझ्यामागून कोण काय करील, याची हमी नाही देता येत मला."

"मंग नाही भेटत."

नीलिमाची परतीची वाट बयनाबाईच्या शेतातल्या, फुलोऱ्यात आलेल्या घरच्या मोहरीला लागूनच होती. ती गेल्यावर बयनाबाईनं शेत गाठलं, वाटेकडची ताटं वाकून वाकून पाहिली. एक पान तुटलेलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"हेबी नाटकच असन," ती वामनरावांना म्हणाली.

"कोनी पाहून नोहोतं राह्यलं, मंग नाटक कोनासाठी?" ते म्हणाले.

मोहरी निघाली तेव्हा बयनाबाई टोपली घेऊन दारोदार फिरली. घरटी मूठमूठ बी देत गेली. "पेरा. उद्या कोनी म्हनलं का हे बी आमचं हाय, तं अख्खं गाव उभं राह्यलं पायजे."

शेवटचं दार गयाबाईचं. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "आजच काऊन आठवन आली?"

"सासूचं बी हाय. तुहीबी सासूच होती थे."

गयाबाईनं दाणा दाताखाली फोडला, बयनाबाईकडे रोखून पाहिलं, मग पदर पुढं केला.

त्यानंतरच बयनाबाईनं नीलिमाला फोन केला. ती आल्यावर बी कशाला हवं, ती विकणार नाही, पुढची हमी नाही, हे सगळं चार बायांसमोर तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि मग मूठभर मोहरी दिली.

"काय निंगते थे पह्यले आमाले सांगशीन."

"आधी तुम्हालाच, काकू."

"पाहू," बयनाबाई म्हणाली, आणि ऑटो वळणाआड जाईपर्यंत तिथून हलली नाही.