कपाळावरची विभूती

माझ्या थोरल्या बहिणीचं, निलम्माक्काचं, लग्न बसवकल्याणला ठरलं, अन् थोड्याच दिवसांत एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं. चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायचं. आमच्या गावात, निंबर्ग्यात, सगळे म्हणायचे, लकवा मारला, आता हातपायही जाणार. होणारी सासू रत्नम्मा बातमी ऐकून स्वतः आली.

"दवाखान्यात मीबी येते. अंग जाणार असंल तर आत्ताच कळू द्या," ती अव्वाला, आमच्या आईला, म्हणाली.

साल बावन्न असावं. बसने गुलबर्ग्याला गेलो. मी अक्काचा हात सोडला नाही.

डॉक्टर सोमशेखर हैदराबादेत शिकून आलेले. त्यांनी अक्काच्या हातापायांची ताकद पाहिली. डोळे मिटायला लावले, डावा मिटेना. मग ते कपाळाकडे वळले, तशी अव्वा लगबगीने पदराने विभूती पुसायला लागली.

"राहू द्या अव्वा, तीच मला पाहिजे. अक्का, भुवया वर कर."

सकाळी ओली लावलेली विभूती आता वाळली होती. उजवीकडच्या पट्ट्यांना बारीक भेगा पडल्या. डावीकडचे पट्टे जसेच्या तसे.

"कपाळबी गेलं की!" अव्वा रडायला लागली.

डॉक्टर हसले. रत्नम्मा भडकली. "पोरीचं अर्धं तोंड गेलंय, अन् तुमी हसायलात कामून?"

"कपाळ हललं न्हाई म्हणूनच. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. दुखणं मेंदूत असतं तर कपाळ हललं असतं, खालचं तोंडच वाकडं झालं असतं. इथं कानामागून येणारी नस सुजलीय. हातपाय जाणार न्हाईत. तोंडबी बहुतेक सुधरंल. डोळा तेवढा धुळीपासून सांभाळा, झोपताना पट्टी बांधा."

"बहुतेक म्हंजी?" रत्नम्माने विचारलं.

"कुणाकुणाचं थोडं राहतं."

रत्नम्मा अक्काकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे की. माझं तोंड तरी कुठं सरळ हाय? इचारा आमच्या मालकाला!"

अव्वा रडता रडता हसली. अक्काही हसली, एका बाजूनेच.

लग्न ठरलेल्या तारखेलाच झालं. मी पाठराखीण म्हणून बसवकल्याणला राहिले. रोज सकाळी रत्नम्मा स्वतः सुनेच्या कपाळाला विभूती लावायची, वाळू द्यायची अन् म्हणायची, "कर बघू वर." डावीकडचे पट्टे तसेच बघून चुलीकडे जायची.

अन् एक दिवस अंगणातून तिचा आवाज आला, सगळी गल्ली ऐकेल असा:

"अगं, कुणीतरी निंबर्ग्याला सांगावा धाडा! डावीकडची विभूतीबी फुटली!"