पाहणीच्या दिवशी मी तळघरात होतो

दुसरीच्या वर्गाबाहेर खिडकीखाली जो लांबलचक बाक आहे ना, तो मी. ओकच्या लाकडाचा, पाठ ताठ, अंगाने जड. बसायला मी सुखाचा नाही, हे कोणी सांगायला नको. मला घडवलंच मुळी प्रार्थनेला बसणाऱ्यांसाठी. त्यांनी फार ऐसपैस बसू नये, अशीच सुताराची इच्छा असावी.

माझी पहिली साठ वर्षं अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या उत्तरेकडच्या एका चर्चमध्ये गेली. तिथे मी पुष्कळ लग्नं पाहिली. नवरीची आई रडते आणि नवऱ्याची आईही रडते, पण दोघींच्या रडण्यात फरक असतो, एवढं मला तेव्हाच कळलं. पुढे माणसं कमी होत गेली, चर्चला कुलूप लागलं आणि माझी भावंडं लिलावात गेली. एक म्हणे एका हॉटेलात आहे. टेबल रिकामं होईपर्यंत लोक त्याच्यावर ताटकळतात. मला उचलायला चौघं लागत, म्हणून मी राहिलो.

मग इमारतीत शाळा आली. सरकारी पैशावर चालणारी, पण आपल्या पद्धतीने शिकवायची मुभा असलेली. ही मुभा पाच वर्षांच्या कराराने मिळते. पाच वर्षं संपली की पाहणीला माणूस येतो, सगळं बघून अहवाल देतो, आणि करार वाढवायचा की नाही ते त्यावर ठरतं. बालवाडीपासून आठवीपर्यंतची मुलं होती. शाळा काढली मिस टिस्डेल यांनी, आणि मुख्याध्यापिकाही त्याच. पहिल्या पाहणीत करार वाढला, पण अहवालात एक वाक्य होतं: 'व्हरांड्यात मुले रेंगाळताना आढळली.' ती मुलं माझ्यावर बसून आपल्या पालकांची वाट बघत होती. मिस टिस्डेलना ते वाक्य पाठ होतं. कौतुकाची अकरा पानं त्या विसरल्या.

गेल्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की जेवणाच्या सुट्टीत मुलांना मैदानावर सोडता येईना. सगळी व्हरांड्यात. सहावीतली केझिया माझ्या टोकाला बसली होती. उंच, अबोल पोरगी. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की ती बाथरूमला जायचं म्हणून उठायची. जायची कुठेच नाही, माझ्यावर येऊन बसायची. त्या दिवशी दुसरीतल्या रेनीने तिच्या मांडीवर पुस्तक आपटलं.

"वाच."

"मला काम आहे."

"नुसती बसलीयेस की."

केझियाने इकडेतिकडे बघितलं. तिच्या वर्गातलं कोणी जवळ नव्हतं. ओळीखाली बोट धरून ती वाचू लागली.

"इथे अडखळलीस तू," रेनी म्हणाली.

"मुद्दाम. तुझं लक्ष आहे का बघत होते."

दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. महिन्याभरात माझ्यावर आणि माझ्यापुढे जमिनीवर मिळून आठ जोड्या बसू लागल्या, एक मोठं आणि एक लहान. मिस टिस्डेलनी कोणाला न विचारता घंटा वीस मिनिटं पुढे ढकलली. सगळ्यांना वाटायचं, मोठी मुलं लहानांना शिकवताहेत. शिकत कोण होतं ते मला माहीत होतं. सहावीचं पुस्तक वाचायची ज्यांना लाज वाटत होती, त्यांना दुसरीचं पुस्तक उघडायला रेनीसारखं कोणीतरी कारण मिळालं होतं. मार्चपर्यंत केझियाचं बोट ओळीखालून सुटलं.

एप्रिलमध्ये दुसरी पाहणी ठरली. आदल्या दिवशी मिस टिस्डेलनी सफाईवाल्या सीफसना हाक मारली.

"हा बाक खाली न्या."

"चौघं लागतील, मिस."

"मग शोधा चौघं."

"आणि ती वाचणारी पोरं?"

"दोन दिवस वर्गात बसतील. काही आभाळ कोसळत नाही."

"शाळेत बघण्यासारखं हेच तर आहे. तेच खाली धाडताय?"

"सीफस. बाक."

पाहुणे यायचे असले की माणसं आधी काय आत ढकलतात, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. त्यात आपली पाळी येईल, असं वाटलं नव्हतं.

तळघरात बॉयलरशेजारी मी उभा. पाहणीच्या पहिल्या दिवशी दुपारी सीफस आणि स्वयंपाकघरातली डॉट डबे घेऊन माझ्यावरच टेकले.

"कसा आहे गं तो पाहणीवाला?" सीफसनी विचारलं.

"हॅल्वरसन? ताडमाड. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो आणि किती पोरांचं लक्ष आहे ते मोजतो. मला विचारतो, मुलं भाज्या खातात का. मी म्हटलं, तुम्ही खाता का?"

"मग?"

"नाही म्हणाला बिचारा. खरं बोलणारा आहे."

"वर सगळं चिडीचूप. सातवीची पोरं घडी घालून ठेवल्यासारखी बसलीयेत. मला वाटलं, कोणी वारलं की काय."

शाळा सुटल्यावर मिस टिस्डेल स्वतः खाली आल्या. माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्याने बाकाबद्दल विचारलं," त्या म्हणाल्या.

सीफस झाडू धरून थांबले. "कोणी सांगितलं त्याला?"

"पालकांची पत्रं वाचून आलाय. अकरा पत्रांत बाकाचं नाव आहे. म्हणाला, मला ते वाचन बघायचंय, कुठे चालतं?"

"मग आणलंत का नाही त्याला खाली?"

"मी म्हटलं, तो प्रकार आम्ही बंद केलाय. आता सगळं वर्गातच चालतं." त्यांनी चष्मा काढला. "ते रेंगाळण्याचं वाक्यच डोळ्यांपुढे आलं हो."

"उद्या परत यायचाय ना? उद्या सांगा."

"काय सांगू? काल खोटं बोलले म्हणून?"

"हो," सीफस म्हणाले. "तेवढंच."

त्या उठल्या, पदर झटकावा तसा कोट झटकला आणि वर गेल्या. मी रात्रभर आशेवर होतो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं, आले. आली ती केझिया, एकटी. वर हॅल्वरसनसमोर मोठ्याने वाचायची पाळी आली असणार आणि ती बाथरूमला म्हणून उठली असणार. मी कुठे ठेवलोय ते तिने कसं शोधलं, कोण जाणे. ती बसली, खिशातून रेनीचं पुस्तक काढलं आणि बॉयलरच्या घरघरीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एकदाही अडखळली नाही. त्याच वेळी वर हॅल्वरसनच्या वहीत एका रकान्यात एक मूल कमी मोजलं जात होतं.

मिस टिस्डेलनी त्या दिवशीही काही सांगितलं नाही.

जूनमध्ये अहवाल आला. तोवर मी परत खिडकीखाली आलो होतो. मिस टिस्डेलनी माझ्याशेजारी उभं राहूनच तो वाचला, सीफसना ऐकू जाईल असा. पाचवीपर्यंतच्या वर्गांचा करार तीन वर्षांनी वाढवला होता. सहावी ते आठवी बंद. कारण लिहिलं होतं: 'वरच्या वर्गांत या शाळेचे म्हणावे असे काही पाहावयास मिळाले नाही.'

सीफसनी झाडू उचलला. 'मी सांगितलं होतं' असं त्यांना म्हणता आलं असतं. हॅल्वरसनला मी दोष देत नाही. त्याने विचारलं होतं.

आता माझ्यावर फक्त लहान मुलं बसतात. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. जेवणानंतरची ती वीस मिनिटं अजून आहेत, पण शेजारी मोठं कोणी नसल्यामुळे पुस्तकं बहुतेक चित्रं बघून मिटतात. केझिया दोन बस बदलून लांबच्या शाळेत जाते. गेल्या महिन्यात तिच्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा आली होती. नियमाप्रमाणे तिला वहीत सही करावी लागली आणि छातीवर 'पाहुणी' अशी चिठ्ठी चिकटवावी लागली.

"तिकडे वाचतेस?" रेनीने विचारलं.

"तिकडे लहान कोणी नाही," केझिया म्हणाली.

मिस टिस्डेल दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून केझिया सरकली, जागा केली. त्या बसल्या नाहीत. वीस मिनिटं तशाच उभ्या राहून केझियाचं वाचन ऐकत होत्या.

तीन वर्षांनी पुन्हा कोणी वही आणि घड्याळ घेऊन येईल. माझं एवढंच मागणं आहे, त्या दिवशी मला हलवू नका. माझ्यावर एखादंच मूल बसलेलं असलं आणि तेही रेंगाळत असलं, तरी राहू द्या. आणि कोणी विचारलं, तर बोट करून दाखवा. शाळा त्याने कदाचित वाचेल. केझियाला त्याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल, आठवीच्या पुढे गेलेली.