ती आता मागे वळत नाही

मी एक पितळी कुलूप. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डाव्या हाताच्या दाराला लटकणारं. तुम्ही रोज कुणाकुणाची गाऱ्हाणी ऐकत असता, आज माझंही ऐका. माझ्या हक्काचं माणूस माझ्यापासून पळवलं गेलं. आणि पळवलं कुणी, तर तिच्या लग्नाच्या नवऱ्यानं. आता दाद मागायची तरी कुणाकडे?

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. ओतीव पितळ, कानशीनं घासलेल्या कडा, वर वाकडा दांडा. मला जोडणारा कारागीर प्रत्येक कुलूप कानाशी धरून दाबायचा. ‘टक’ असा भरीव आवाज आला तरच ते पुढे सरकवायचा. माझा आवाज ऐकून त्यानं मान डोलावली होती. तेवढं एक कौतुक पदरात घेऊन मी जगात आलो.

मग हार्डवेअरच्या दुकानात धूळ खात पडलो. एक दिवस ती दोघं आली. नवं लग्न, नवं भाड्याचं घर. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे त्याला यंत्रातलं सगळंच कळतं असा त्याचा समज. त्यानं आकडे फिरवायचं एक चकचकीत कुलूप उचललं. तिनं मात्र मला तळहातावर घेतलं, वजन पाहिलं, दाबलं, आवाज ऐकला आणि म्हणाली, “हेच.” त्या क्षणी मी तिचा झालो. त्याचा नाही, तिचा.

पहिली वर्षं साधी गेली. सकाळी तो लवकर निघून जायचा. मागून ती निघायची, मला कोयंड्यात अडकवून दाबायची आणि पायऱ्या उतरायची. मला बंद करायला किल्ली लागत नाही, नुसतं दाबलं की झालं. याहून जास्त काही मिळू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं, म्हणून दुःखही नव्हतं.

ती एका छोट्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावरून मेणात दात बसवायचे, मग गुलाबी हिरड्या भरायच्या, घासायचं, चकाकी आणायची. तिथल्या एकानं नोकरी सोडली आणि त्याचंही काम हिच्यावर येऊन पडलं. त्या धावपळीत एकदा एका आजोबांची कवळी दुसऱ्या आजोबांच्या डबीत गेली. दोघेही सोशिक. दिवसभर एकमेकांचे दात तोंडात घालून फिरले, आपल्याच हिरड्या आक्रसल्या असं समजून. संध्याकाळी उलगडा झाला. सगळे पोट धरून हसले, मालकीणबाईसुद्धा हसल्या. ही मात्र हसली नाही. “मी दोनदा पाहिलं होतं,” एवढंच ती घरी येऊन म्हणत राहिली. तिचा आपल्या हातांवरचा विश्वास त्या दिवशी उडाला.

आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले.

ती मला दाबायची, ओढून पाहायची, अर्धा जिना उतरायची आणि परत यायची. पुन्हा ओढायची. अंगठा माझ्या पोटावर ठेवून कितीतरी वेळ उभी राहायची. रस्त्यापर्यंत पोचून धापा टाकत परत यायची ती फक्त मला भेटायला. तिच्या अंगठ्यानं माझं पितळ एका जागी आरशासारखं उजळलं. तिचा हात गार असायचा, कापायचा, कधी डोळ्यांत पाणी असायचं. मला वाटायचं, प्रेमात माणसाचं असंच होत असणार. हसा हवं तर. कुलपाला माणसांचं कळतं ते एवढंच.

कामावर रोज उशीर होऊ लागला. मालकीणबाई भल्या, पण त्यांनीही शेवटी सांगितलं की असंच चाललं तर दुसरं माणूस बघावं लागेल. मी घरातल्या खिळ्याला लटकत हे ऐकलं आणि मनात म्हटलं, बरंच झालं. ती दिवसभर घरी राहील, नाहीतर दारात.

नवऱ्याला मात्र चैन पडेना. दुरुस्ती करणारा माणूस. काही ढिलं झालं की एक बोल्ट जास्त लावायचा, ही त्याची रीत. त्यानं काय केलं असेल? दुसरं कुलूप आणलं. पोलादी, गुळगुळीत, माझ्याच शेजारी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता ती आधी मला ओढायची, मग त्याला, मग त्याला ओढताना मी हललो की काय या शंकेनं पुन्हा मला. उशीर दुप्पट झाला. मग तो तिला माझा फोटो काढून न्यायला सांगू लागला. बसमध्ये बसून ती तो फोटो मोठा करकरून पाहायची म्हणे. माझ्यापेक्षा माझा फोटो जवळचा! शेवटी तर तो काम अर्धवट टाकून यायचा, ग्रीसनं माखलेल्या हातांनी मला हिसके द्यायचा आणि फोनवर सांगायचा, “लागलंय गं. ओढून पाहिलं.” घटकाभर ती शांत व्हायची, मग पुन्हा फोन. तो कधी चिडला नाही, हे कबूल करावंच लागेल. फक्त रोडावला.

अशात एक दिवस नणंद आली. ती नर्स, बोलायला फटकळ, पण वहिनीवर जीव. तिनं दारातला तो सगळा सोहळा पाहिला. वहिनी खाली उतरल्यावर भावाला जिन्यातच थांबवून म्हणाली, “दादा, तू वहिनीला सांभाळत नाहीयेस. तू तिच्या भीतीला खाऊ घालतोयस.”

मग कुणा समुपदेशक बाईंकडे दोघांच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात पोलादी कुलूप गेलं. मी खुशीत होतो. पण पाठोपाठ माझीही पाळी आली.

नवा नियम असा ठरला. तिनं मला एकदाच दाबायचं, ओढायचं नाही. त्यानं आपली कामाची पाळी बदलून घ्यायची आणि तिच्याबरोबर निघायचं. तिनं “लागलं ना?” असं विचारलं, तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही.

पहिल्या सकाळी ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. श्वास लागलेला, चेहरा पांढरा. “लागलं ना?” “माहीत नाही,” तो म्हणाला, “मी आहे इथे.” “एकदा फक्त बघून ये ना.” तो गेला नाही. त्याचेही डोळे भरले होते, पण तो हलला नाही. त्यानं फक्त हात पुढे केला आणि माझ्यावर टेकायचा तो गार, कापणारा हात त्याच्या हातात गेला. मी तीन हात अंतरावर लटकत होतो आणि ती त्याची बोटं आवळत होती. ओढून ओढून पाहत होती, अगदी मला ओढायची तशी. मला जळून खाक व्हावंसं वाटलं. बऱ्याच वेळानं तिचा श्वास बसला आणि दोघं खाली गेली.

असं रोज चाललं. कधी ती त्याच्यावर ओरडायची, तू दगड आहेस म्हणायची. तो दगडासारखा तिच्याजवळ थांबायचा. जिन्यातलं थांबणं हळूहळू कमी होत गेलं. माझ्याकडे वळणारी मान कमी होत गेली.

आणि मग ती सकाळ आली. ती मला दाबत होती तेवढ्यात खांद्यावरची पिशवी घसरली. तिनं ती सावरली आणि माझा दांडा अर्धाच आत गेला. टक झालंच नाही. तिच्या लक्षात आलं नाही. मला तोंड असतं तर मी बोललो असतो का? नसतोच बोललो. मला वाटलं, आता हिला धडा मिळेल आणि उद्यापासून ती पुन्हा माझी होईल.

पण त्यानं पाहिलं. जाता जाता त्यानं सवयीनं नजर टाकली आणि आमची नजरानजर झाली. त्याचा पाय अडखळला. मी उघडा, घर उघडं, आत त्यांचा सगळा संसार. नुसता हात पुढे करायचा अवकाश होता. ती दोन पायऱ्या खाली होती. तिनं काही विचारलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग वळला आणि तिच्यामागून उतरून गेला.

दिवसभर मी तसाच लोंबकळत होतो. मीटर वाचणारा माणूस आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आत कुणी आहे का म्हणून हाक मारली आणि निघून गेला. बाकी कुणी फिरकलंही नाही.

संध्याकाळी आधी ती आली. किल्ली माझ्यापर्यंत आणली आणि तिचा हात हवेतच राहिला. तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली. तो.

“मी सकाळीच पाहिलं होतं,” तो धापा टाकत म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“तू गुणगुणत उतरत होतीस.”

ती मला काढून आत गेली, एकेक खोली पाहिली आणि मला हातात घेऊन परत आली. मी म्हटलं, आला माझा क्षण.

“सगळं जागच्या जागी आहे,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, “तुझा दिवस कसा गेला?”

“एकाच लिफ्टचं दार उघडून लावत बसलो,” तो म्हणाला. “लागलंय हे दिसत होतं, तरी हात निघेना.”

ती हसली. त्या कवळीच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच मी तिचं हसू ऐकलं. मला खिळ्याला अडकवून ती त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि त्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला. “मी आहे इथे,” ती म्हणाली. उघड्या दारातून मला त्या दोघांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या.

आता तो पुन्हा आपल्या जुन्या वेळेला निघून जातो. मागून ती एकटी निघते, मला दाबते आणि जाते. काल दोन पायऱ्या उतरून ती थांबली. माझा जीव वर आला. पण तिनं फक्त पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. माझ्या पोटावरची ती उजळ जागा आता काळवंडत चालली आहे. मला अजूनही त्याचा राग येतो, सांगून ठेवतो.

तुम्ही कधी या जिन्यानं आलात तर तिला यातलं काही सांगू नका. उगाच ती मागे वळून पाहील.