व्हिडिओ कोणी मागितला

तू फक्त ऐक. आपल्या शारीकचा धाकटा भाऊ हाशिर तिकडे सौदीत, बत्हा बाजारात मोबाइलच्या दुकानात होता ना, तिथे आता सौदी पोरंच ठेवायची असा कायदा आला आणि ह्याची नोकरी खलास! शनिवारी घरी जायचं विमान होतं. त्याआधी हायवेवर येमेनच्या लढाईला चाललेले रणगाडे दिसले, तर ह्याने व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. पोलिसांनी हायवेवरूनच उचललं त्याला.

सोळा दिवस झाले. शारीक रोज ठाण्यावर जातो. आज गयावया करत म्हणाला, "साहेब, निदान काजीसमोर तरी उभं करा त्याला."

अधिकारी म्हणाला, "लढाई चालू आहे. आता काजी नाही नि कोर्ट नाही. व्हिडिओ कोणी मागितला एवढंच विचारतोय, तर तोंड उघडत नाही तुझा भाऊ."

अरे, मागितला होता शारीकनेच! फोनवर म्हणाला होता, "जरा जवळून काढ रे, गावी पोरांना दाखवू."

आता शारीक खरं बोलला तर एक तर हाशिर सुटेल, नाहीतर दोघंही आत, आणि गावी अम्मी एकटी. अधिकारी पेन उघडून त्याच्याकडे बघतोय.

तू काय केलं असतंस रे?